तलासरीच्या बांधाला लागलेला पोर्तुगाल

पोर्तुगालला जमिनीवरचे शेजारी किती? भूगोलाचं पुस्तक सांगतं, एकच. उत्तरेला आणि पूर्वेला स्पेन, पश्चिमेला आणि दक्षिणेला अटलांटिक महासागर. उत्तर पाठ करायलाही लागत नाही.

हाच प्रश्न १९५४ सालच्या जूनमध्ये तलासरीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारला असता, तर त्यानं पूर्वेकडच्या जंगलाकडे बोट दाखवलं असतं. पलीकडे फिरंग्याचा मुलूख. उधवा हे तलासरी तालुक्यातलं गाव. तिथून निघालेला रस्ता झाडीतून खानवेलला जातो, पुढे सिल्वासाला. आज त्या वाटेवर राज्याची हद्द बदलते एवढंच. दुकानांच्या पाट्या बदलतात, पेट्रोलचा भाव बदलतो, दारूचा भाव तर चांगलाच बदलतो. पण १९५४ च्या उन्हाळ्यापर्यंत त्या रस्त्यावर देश बदलत होता, खंड बदलत होता. उधव्याच्या पुढे युरोप लागत होता!

हे नुसतं गमतीनं म्हणत नाही. लिस्बनच्या कायद्याचंच तसं म्हणणं होतं. १९५१ साली पोर्तुगालनं आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती केली आणि 'वसाहत' हा शब्द काढून टाकला. अंगोला, मोझांबिक, गोवा, दमण, मकाव हे सगळे एका दिवसात 'सागरापारचे प्रांत' झाले. म्हणजे पोर्तुगालच्या मालकीचे नव्हेत, साक्षात पोर्तुगालच. त्याआधी १९३४ मध्ये तिथं एक नकाशा छापला गेला होता. युरोपच्या नकाशावर पोर्तुगालच्या सगळ्या वसाहती आणून पसरलेल्या, आणि वर लिहिलेलं, पोर्तुगाल हा लहान देश नाही. त्या पसरलेल्या पोर्तुगालला शेजारी पुष्कळ होते. त्यांच्या यादीत तळाशी, कुणाच्या लक्षातही न येणारा, ठाणे जिल्हा होता.

हा शेजार जुळला कसा आणि तुटला कसा, याची गोष्ट विलक्षण आहे. तिच्या मध्यभागी तोफ नाही, एक मराठी शब्द आहे.

फिरंग्याचा पहिला मुक्काम

पोर्तुगीज या भागात पहिल्यांदा आले ते सोळाव्या शतकात. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानं वसई आणि भोवतालचा प्रदेश त्यांना दिला, १५५९ मध्ये दमण त्यांनी घेतलं. डहाणू, तारापूर, केळवे, माहीम, संजाण हा सगळा किनारा त्यांच्या 'उत्तर प्रांता'त गेला. डहाणूच्या खाडीवर त्यांचा कोट उभा राहिला. आत डोंगरात अशेरीगड १५५६ मध्येच त्यांच्या ताब्यात आला होता. अशेरीच्या रानातला साग जहाजं बांधायला हवा होता. आजही अशेरीगड चढणाऱ्यांना वर दगडात कोरलेलं पोर्तुगीज राजचिन्ह दिसतं.

या काळातली एक गोष्ट आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. मराठ्यांच्या इतिहासात पानोपानी येणारा 'चौथ' हा शब्द याच परिसरात मुरलेला आहे. दमण परगण्यातल्या गावांकडून रामनगरचा कोळी राजा उत्पन्नाचा हिस्सा घेत असे, आणि पोर्तुगीज तो मुकाट देत. त्या राजाला ते 'चौथिया' म्हणत. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजांनी जव्हार आणि रामनगर घेतलं. मग महाराजांनी दमणच्या पोर्तुगीजांकडे रामनगरची चौथ मागितली. राज्य घेतलं तर त्याचं येणंही आपलंच, असा सरळ हिशोब. पुढे ज्या मागणीनं दिल्लीपासून बंगालपर्यंतच्या सुभेदारांची झोप उडवली, तिचा एक जुना धागा डहाणूच्या उत्तरेला असा सापडतो.

१७३९ साल उजाडता उजाडता चिमाजी अप्पांच्या फौजा या किनाऱ्यावर उतरल्या. डहाणू, केळवे, माहीम पडलं. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर प्रांत संपला. या भागात पोर्तुगीजांकडे उरलं दमण. इथंच गोष्ट संपायला हवी होती.

बारा हजार रुपयांचा शेजारी

संपली नाही, कारण पुढच्या चाळीस वर्षांत वारं फिरलं. पुण्याच्या दरबाराला आता इंग्रजांशी झुंजायचं होतं आणि पोर्तुगीजांना नाराज ठेवणं परवडणारं नव्हतं. त्यात १७७२ मध्ये मराठी आरमारानं 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज जहाजाचं नुकसान केलं होतं, त्याची भरपाई लोंबकळत होती. १७७९ मध्ये पुण्यात तह झाला. दमणजवळची वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं पोर्तुगीजांना द्यायची असं ठरलं. १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या. नगर हवेलीची सत्तरएक गावं आणि वेगळा पडलेला दादऱ्याचा तुकडा अशा रीतीनं पोर्तुगीजांच्या हाती गेला.

जहाजाची भरपाई म्हणून दिलेल्या या गावांना समुद्र नव्हता, ही त्यातली खरी गंमत. दमण किनाऱ्यावर, नगर हवेली आत जंगलात, मधे दुसऱ्याची जमीन. पेशवाई गेली, इंग्रज आले, इंग्रज गेले, भारत स्वतंत्र झाला. तुकडे होते तसेच राहिले. १९४७ नंतर दमणचा पोर्तुगीज अधिकारी सिल्वासाला निघाला की त्याला वापीजवळ भारतात यावं लागे आणि पुन्हा पोर्तुगालमध्ये शिरावं लागे. नकाशाची गुंतागुंत इतकी, की नगर हवेलीच्या पोटात मेघवळ नावाचं गाव आहे आणि ते आजही गुजरातचं आहे.

हद्दीच्या दोन्ही बाजूंना माणसं मात्र तीच. वारली, कोकणा, धोडिया. तारपा तोच, हिरवा देव तोच, सोयरीक इकडची तिकडे. इकडे काय चाललं होतं? सावकार-जमीनदारांची वेठ, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जोडप्यानं आयुष्यभर राबायचं अशी 'लग्नगड्या'ची पद्धत. २३ मे १९४५ रोजी झरी इथं वारल्यांची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेनं लाल बावटा रोवला आणि वारल्यांनी वेठ नाकारली. हद्दीच्या अलीकडे माणूस ताठ उभा राहायला शिकला होता. त्याची बातमी पलीकडे पोचायला पासपोर्ट लागत नव्हता.

पावसातले तीन आठवडे

१९५४ च्या पावसाळ्यात तो शेजार तुटला. २२ जुलैला युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी फ्रान्सिस मास्कारेन्हस यांच्या पुढाकारानं दादरा घेतला. तिथला पोलीस अधिकारी अनिसेतु दु रोझारियू चकमकीत मारला गेला. २८ जुलैला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या तरुणांनी नरोली घेतली. २ ऑगस्टला सिल्वासाच्या कचेरीवरचा पोर्तुगीज झेंडा उतरला. लाल बावट्याचे कार्यकर्ते आणि वारलीही त्या दिवसांत गावं मोकळी करत होते. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे रंग त्या तीन आठवड्यांत एका चिखलातून चालले.

सिल्वासावर चालून गेलेल्यांमध्ये दोन नावं वाचून आजही थबकायला होतं. एक संगीतकार सुधीर फडके, दुसरे पुढे शिवशाहीर म्हणून घराघरात पोचलेले बाबासाहेब पुरंदरे. मोहिमेला पैसा हवा होता, म्हणून पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला होता. पोर्तुगालच्या शेकडो वर्षं जुन्या साम्राज्याला खिंडार पाडणाऱ्यांत भावगीत गाणारा माणूस होता आणि हत्यारांच्या पैशात तिकिटविक्रीचा वाटा होता. जगाच्या इतिहासात अशा लढाया फार नसाव्यात.

नगर हवेलीचा प्रशासक होता कॅप्टन व्हिर्जिलियो फिदाल्गो. 'फिदाल्गो' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ उमराव. सिल्वासा पडायच्या आत तो शिपायांसह खानवेलच्या रानात सरकला. काही दिवस काढले. पण मागे दमणचा रस्ता बंद, पुढे भारत, वर आषाढ-श्रावणाचा पाऊस. ११ ऑगस्ट १९५४ रोजी तो उधव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. युरोपातल्या एका देशाची नगर हवेलीवरची सत्ता तलासरीच्या या गावात संपली. पहिल्या चकमकीपासून मोजले तर सारे वीस-बावीस दिवस.

हेगमध्ये 'सरंजाम'

लिस्बनमध्ये तेव्हा सालाझार होता. १९३२ पासून पंतप्रधान, मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक, आणि 'सागरापारच्या प्रांतां'पैकी इंचभर जागाही न सोडण्याचा हट्ट धरलेला हुकूमशहा. फौज पाठवायची तर भारताच्या भूमीवरून जावी लागणार. मग त्यानं दुसरा मार्ग धरला. १४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचं सदस्यत्व मिळालं. आठ दिवसांनी, २२ डिसेंबरला, त्यानं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. मागणी अशी की दमणहून दादरा आणि नगर हवेलीत जाण्यायेण्याचा हक्क आम्हाला आहे, भारतानं तो अडवला.

दावा सव्वाचार वर्षं चालला. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड मांडत होते. न्यायपीठावर भारताच्या वतीनं नेमलेले न्यायाधीश होते महंमद करीम छागला. आणि त्या युरोपीय दालनात, फ्रेंच-इंग्रजीच्या युक्तिवादांत, पुण्याच्या दरबाराचे कागद उलगडले गेले. प्रश्न असा होता: १७७९ च्या तहानं पेशव्यांनी या गावांचं राज्य दिलं होतं, की नुसता वसूल?

न्यायालयानं तहाचे मसुदे पाहिले, सनदांचे शब्द पाहिले आणि निष्कर्ष काढला. दिलेली वस्तू होती जहागीर किंवा सरंजाम. म्हणजे महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. असा सरंजाम दिल्यानं राज्य दिलं गेलं, याचं एकही उदाहरण पोर्तुगालला दाखवता आलं नाही, असं न्यायालयानं नोंदवलं. सरंजामदार म्हटला की आपल्यासमोर वाड्यातला, जिरेटोप मिरवणारा कुणी उभा राहतो. नगर हवेलीतला पोर्तुगालचा राजा कायद्यानं त्याच रांगेत बसत होता, पेशव्यांचा एक सरंजामदार!

अर्थात निकाल एवढा एकतर्फी नव्हता. इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांची सत्ता तिथं मान्य झाली आणि खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना जाऊ द्यायचा रिवाज पडला, हेही न्यायालयानं मान्य केलं. १२ एप्रिल १९६० चा निकाल बघण्यासारखा आहे. माणसांना आणि मालाला रस्त्याचा हक्क आहे, अकरा विरुद्ध चार. फौज, सशस्त्र पोलीस, हत्यारं यांना नाही, आठ विरुद्ध सात. भारतानं हक्क मोडला का? नाही, नऊ विरुद्ध सहा. दोन्ही पक्षांना थोडंथोडं मिळालं, पण शिपायांना वाट मिळाली नाही, आणि शिपायांवाचून हरवलेली सत्ता परत येत नसते.

या सगळ्या काळात दादरा आणि नगर हवेली होतं कुणाचं? पोर्तुगालचं नाही, कागदोपत्री भारताचंही नाही. वरिष्ठ पंचायत नावाची सभा कारभार बघत होती. सात वर्षं हा टापू जवळजवळ स्वतंत्र देश होता. विलीनीकरणाच्या करारावर सही करायला त्या 'देशा'चा कुणी प्रमुख हवा, म्हणून के. जी. बदलानी या भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याला तिथला पंतप्रधान नेमलं गेलं. त्यांनी पंडित नेहरूंच्या बरोबरीनं सही केली आणि दहाव्या घटनादुरुस्तीनं प्रदेश भारतात आला. तारीख होती ११ ऑगस्ट १९६१. फिदाल्गो उधव्याला शरण आला त्याला त्या दिवशी बरोबर सात वर्षं झाली होती. चार महिन्यांनी, १९ डिसेंबरला, गोवा, दमण आणि दीवही मोकळे झाले.

मग हा देश आहे तरी कसा?

ज्या शेजाऱ्याशी एवढं भांडलो, त्याच्या घरात कधी डोकावून पाहिलंत? पोर्तुगालचं क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. सतरा पालघर जिल्हे जोडले की पोर्तुगाल होतो. लोकसंख्या मात्र जेमतेम १ कोटी ७ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पालघर जिल्ह्याची होती २९ लाख ९० हजार, म्हणजे साडेतीन पालघर इतकीच माणसं. त्यांतही म्हाताऱ्यांचं प्रमाण युरोपातल्या सर्वाधिक वयस्क देशांच्या पंगतीतलं. एवढ्या मूठभर लोकांची भाषा आज ब्राझीलपासून तिमोरपर्यंत पंचवीस कोटींहून अधिक लोक बोलतात.

दुसऱ्यांच्या नकाशात तुकडे पाडत हिंडलेल्या या देशाची स्वतःची हद्द मात्र युरोपात सर्वांत जुन्या हद्दींमध्ये मोडते. १२९७ च्या तहात स्पेनच्या बाजूची सीमा ठरली आणि ती आजतागायत जवळपास तशीच आहे. आपल्याकडे तेव्हा देवगिरीला यादव राज्य करत होते.

सालाझार १९७० मध्ये वारला, त्याची राजवट आणखी चार वर्षं चालली. २५ एप्रिल १९७४ च्या पहाटे आफ्रिकेतल्या न संपणाऱ्या लढायांना विटलेले लष्करातले तरुण अधिकारीच रणगाडे घेऊन लिस्बनमध्ये उतरले. इशारा ठरला होता रेडिओवर लागणाऱ्या गाण्याचा. लोकांनी शिपायांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली आणि अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही जवळजवळ रक्त न सांडता दिवसभरात कोसळली. तिकडेही गाणं, इकडेही गाणं!

नव्या पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश त्याच वर्षीच्या अखेरीस दिल्लीला आले. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताचे आहेत हे मान्य करणारा करार ३१ डिसेंबर १९७४ रोजी झाला. भारताच्या बाजूनं सही करणारे परराष्ट्रमंत्री होते कराडचे यशवंतराव चव्हाण.

आजचा पोर्तुगाल, डहाणूतून

१९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेला, पुढे त्यानं युरो हे चलन घेतलं. संसद एकाच सभागृहाची, २३० सभासदांची. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडलेला, पाच वर्षांसाठी, आणि संसद विसर्जित करण्याचा अधिकार त्याच्या हातात. हा अधिकार अलीकडे भलताच राबला. जानेवारी २०२२, मार्च २०२४, मे २०२५, अशा सव्वातीन वर्षांत तीन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. २०२४ पासून उजव्या-मध्यम आघाडीचे लुईश मोंतेनेग्रो पंतप्रधान आहेत. खरी उलथापालथ मात्र 'शेगा' या कडव्या उजव्या पक्षानं केली. पक्षाच्या नावाचा अर्थच 'पुरे झालं'. २०१९ मध्ये त्याचा एक सभासद होता, २०२२ मध्ये १२, २०२४ मध्ये ५० आणि २०२५ मध्ये ६०. सोआरिश यांच्या समाजवादी पक्षाला त्यानं तिसऱ्या जागेवर ढकललं.

पुरे झालं म्हणजे काय पुरे झालं? मुख्यतः परदेशी लोक येणं. १९६० च्या दशकात हाच देश लाखो माणसं बाहेर पाठवत होता. गरिबीला आणि आफ्रिकेतल्या लढाईला कंटाळलेली पोरं चोरवाटांनी फ्रान्सला जात होती. आज तिथं सुमारे १५ लाख परदेशी राहतात. दक्षिणेत अलेंतेजूच्या प्लास्टिकच्या हरितगृहांमध्ये रासबेरी खुडणाऱ्या हातांत नेपाळी हात आहेत, भारतीय हात आहेत. दिवाळी सरली की वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर बिऱ्हाड हलवणाऱ्या डहाणू-तलासरीच्या माणसाला त्या हातांची कथा समजावून सांगावी लागणार नाही. नागरिकत्वाचे नियम किती आवळायचे, यावर तिथली संसद आणि न्यायालय यांच्यात २०२५ मध्ये ओढाताण झाली.

या वादाचं एक टोक आपल्या जवळ येऊन टेकतं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा नागरिक मानत आला आहे आणि त्यांच्या मुला-नातवंडांनाही तो हक्क सांगता येतो. त्यामुळे दमणची कुटुंबं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये लेस्टरला जाऊन राहिली. गोव्याच्या मुळांतून आलेले आंतोनियो कॉश्ता यांचं तर काय सांगावं? त्यांचे वडील ऑर्लांदो द कॉश्ता मडगावात वाढलेले लेखक, घरात मुलाला हाक मारायचे 'बाबुश'. तो बाबुश २०१५ ते २०२४ पोर्तुगालचा पंतप्रधान होता, डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचा अध्यक्ष आहे आणि २०२६ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीच्या संचलनात प्रमुख पाहुणा म्हणून बसला होता.

आणखी तीन गोष्टी डहाणूकरांना जवळच्या वाटतील. पहिली वीज. डहाणूचं ५०० मेगावॉटचं केंद्र कोळसा जाळून मुंबईला वीज देतं. पोर्तुगालनं शेवटचं कोळशाचं केंद्र नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद केलं. २०२४ मध्ये तिथल्या विजेच्या वापरातला सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा पाणी, वारा, ऊन अशा अक्षय स्रोतांचा होता. पण एकच शेजारी असण्याचा तोटाही त्याला कळला. २८ एप्रिल २०२५ च्या दुपारी स्पेनमध्ये बिघाड झाला आणि त्याच्याशीच तारांनी बांधलेला अख्खा पोर्तुगाल अंधारात गेला. रेल्वे थांबल्या, सिग्नल विझले, दिवे लागायला रात्र झाली.

दुसरी गोष्ट बंदराची. वाढवणला खोल पाण्यातलं ७६ हजार कोटींचं बंदर होणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला त्याची पायाभरणी झाली आणि मासेमारी बुडेल म्हणून कोळी बांधव वर्षानुवर्षं त्याला विरोध करत आहेत. पोर्तुगालचं खोल पाण्याचं मोठं बंदर आहे सीनेश. ज्या गावात हे बंदर उभं राहिलं, त्याच गावात वास्को द गामा जन्मला, असं मानतात. समुद्राचा तळ खोल असणं गावाचं नशीब कुठल्या कुठे नेतं, हे सीनेशला ठाऊक आहे.

आणि जमिनीचा हादरा? नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास धरणी थरथरू लागली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ रिश्टरचा होता. लोक थंडीत उघड्यावर, तंबूत झोपले. लिस्बनचा धक्का १ नोव्हेंबर १७५५ चा. सणाचा दिवस, चर्चं माणसांनी भरलेली. आधी भूकंप, मग समुद्राची लाट, मग आग, आणि राजधानीची राख. पुन्हा बांधताना राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्किसनं भिंतींच्या आत लाकडाचे तिरपे सांगाडे घालायला लावले. त्यांना म्हणतात 'गायओला', पिंजरा. नमुन्याभोवती शिपायांची पलटण पाय आपटत फिरवून तो हलवून बघितला. जड दगड पडतो, हलकं लाकूड लवतं, हे त्यामागचं शास्त्र. कारवीच्या काठ्यांचा कूड शेणामातीनं लिंपून राहणाऱ्या वारल्याच्या झोपडीनं हे शास्त्र पोंबालला न विचारता पाळलं आहे.

घरात राहिलेला शेजारी

सत्ता गेली की शेजारी जातो, पण वस्तू मागे ठेवून जातो. तलासरीचा पोरगा सकाळी वापीच्या किंवा सिल्वासाच्या कंपनीत पाळीवर जातो. महिन्याला मिळतो तो 'पगार' पोर्तुगीज. दाराला लावलेली 'चावी' पोर्तुगीज, विहिरीवरची 'बालदी' पोर्तुगीज, मातीचं 'घमेलं' पोर्तुगीज. 'लिलाव', 'पिंप', 'फीत', 'काडतूस', सगळे तिकडून आलेले. 'हापूस'मध्ये तर चक्क 'आफोन्सो' लपलेला आहे.

पोर्तुगीज घरात नाताळच्या रात्रीचं जेवण ठरलेलं असतं. खारवून वाळवलेला कॉड मासा. हा मासा त्यांच्या समुद्रात मिळत नाही, शतकानुशतकं उत्तरेकडच्या थंड पाण्यातून आणून सुकवलेला. डहाणूच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळताना पाहिलेल्या माणसाला ती जातकुळी लगेच कळेल. त्या माशासोबत ताटात असतात 'बटाटा' आणि 'कोव्ह', म्हणजे आपला कोबी. सणाचं नाव 'नाताल'. त्या ताटाशी डहाणूचा माणूस बसवला, तर दुभाष्याशिवाय त्याला अर्धं जेवण वाढून घेता येईल.

आज पोर्तुगालला जमिनीवरचा शेजारी एकच, स्पेन. पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे. त्या उत्तरातून तलासरीचं नाव प्रत्यक्षात गळलं ११ ऑगस्ट १९५४ रोजी, उधव्याला. लिस्बननं ते मान्य केलं वीस वर्षांनी, कराडच्या माणसाच्या सहीसमोर.